प्रकरण अभ्यास: आर्सेन वेंगर, आर्सेनलचे चाहते आणि २०१७ चा करार

प्रकरण काय आहे

१८ मार्च २०१७ रोजी लंडनचा फुटबॉल क्लब आर्सेनल आणि वेस्ट ब्रॉमविच अल्बियन यांच्यातील इंग्लिश लीगचा सामना चालू असताना मैदानावरून दोन विमाने दोन वेगवेगळे फलक घेऊन उडाली. आर्सेनलचे व्यवस्थापक (म्हणजे प्रशिक्षण, संघनिवड आणि खेळाडूंची खरेदी पाहणारे) आर्सेन वेंगर यांना नवा करार देऊ नये, त्यांनी आता जावे, अशी मागणी एका फलकावर होती. दुसऱ्या फलकावर ‘आर्सेनवर आमचा विश्वास आहे’ अशा अर्थाचे शब्द होते. दोन्ही फलकांमागे एकाच क्लबचे चाहते होते. तो सामना आर्सेनलने ३–१ असा गमावला आणि त्यानंतर अडीच महिन्यांनी, ३१ मे रोजी, क्लबने वेंगर यांना दोन वर्षांचा नवा करार दिल्याचे जाहीर केले. तो करार मुदत संपेपर्यंत टिकला नाही.

पहिल्या विमानामागील राग समजण्यासारखा आहे आणि त्याच्याविषयी पुष्कळ लिहिलेही गेले आहे. या लेखाचा रोख दुसऱ्या विमानाकडे आहे. वीस वर्षे एकाच पदावर असलेल्या आणि उघड वादग्रस्त ठरलेल्या माणसावर एवढ्या लोकांचा विश्वास कशाच्या आधारावर टिकून होता, आणि क्लबच्या संचालक मंडळाने त्या विश्वासाचे काय केले, हे येथे तपासले आहे. चाहत्यांपैकी कोणाचेही नाव दिलेले नाही; नावे येतात ती सार्वजनिक जीवनातील व्यक्तींची.

पार्श्वभूमी

वेंगर येण्याच्या दीड वर्ष आधी, फेब्रुवारी १९९५ मध्ये, आर्सेनलने आपले यशस्वी व्यवस्थापक जॉर्ज ग्रॅहम यांना पदावरून दूर केले होते. खेळाडूंच्या खरेदीत एका दलालाकडून त्यांनी पैसे घेतल्याचे उघड झाले होते आणि इंग्लंडमधील फुटबॉलची नियामक संस्था असलेल्या फुटबॉल असोसिएशनने (एफए) त्यांच्यावर वर्षभराची बंदीही घातली. ही पार्श्वभूमी वेंगर यांच्याविषयीच्या चर्चेत क्वचितच येते, पण ती महत्त्वाची आहे. ज्या चाहत्यांनी संघाला दोनदा लीग जिंकून देणारा व्यवस्थापक पैशांच्या व्यवहारात अडकलेला पाहिला होता, त्यांच्या दृष्टीने पुढच्या माणसाचा आर्थिक सचोटीचा लौकिक विजेतेपदाइतकाच मोलाचा होता.

जपानच्या नागोया ग्रॅम्पस एट संघाकडून वेंगर १९९६ च्या शरद ऋतूत लंडनला आले, तेव्हा हे आर्सेन कोण, असा प्रश्न तिथल्या एका वृत्तपत्राने मथळ्यातच विचारला होता. १ ऑक्टोबरला त्यांनी सूत्रे हाती घेतली. खेळाडूंच्या जेवणातून चॉकलेट आणि तळलेले पदार्थ गेले, उकडलेले मासे आणि भाज्या आल्या, स्नायू ताणण्याचे व्यायाम नेमाने होऊ लागले. सुरुवातीला खेळाडूंनीच त्याची थट्टा केली. मात्र ग्रॅहम यांच्या काळापासूनची, तिशी ओलांडलेली किंवा तिशीला टेकलेली बचावफळी त्यानंतरही अनेक वर्षे खेळत राहिली, आणि १९९७–९८ मध्ये संघाने लीग व एफए चषक (असोसिएशनची बाद पद्धतीची स्पर्धा) अशी दोन्ही विजेतेपदे एकाच हंगामात मिळवली. २००१–०२ मध्ये हे पुन्हा घडले. २००३–०४ मध्ये २६ विजय आणि १२ बरोबरी अशी कामगिरी करून संघ पूर्ण लीग हंगाम अपराजित राहिला. हसणारे चुकले आणि हा माणूस बरोबर ठरला, हा अनुभव चाहत्यांनी त्या आठ वर्षांत इतक्या वेळा घेतला की ‘आर्सेनला कळते’ हे त्यांचे घोषवाक्यच बनले.

तरीही केवळ चषकांनी इतका खोल विश्वास निर्माण होत नाही. माझ्या मते त्या विश्वासाचा उगम ज्या घटनांमध्ये सर्वांत स्पष्ट दिसतो, त्यांत १३ फेब्रुवारी १९९९ चा शेफील्ड युनायटेडविरुद्धचा एफए चषकाचा सामना अग्रस्थानी आहे. प्रतिस्पर्धी संघाचा एक खेळाडू जखमी झाल्यामुळे त्यांनी चेंडू मुद्दाम मैदानाबाहेर मारला होता. अशा वेळी चेंडू परत त्याच संघाला देण्याची प्रथा आहे, आणि आर्सेनलच्या रे पार्लर यांनी तसाच तो फेकला. आर्सेनलकडून पहिलाच सामना खेळणाऱ्या कानू यांनी मात्र तो चेंडू अडवून पुढे नेला, मार्क ओव्हरमार्स यांच्याकडे दिला आणि गोल झाला. नियमात काहीच चूक नसल्याने पंचांना तो गोल रद्द करता येत नव्हता. आर्सेनलने सामना २–१ असा जिंकला, आणि सामना संपताच वेंगर यांनी तो पुन्हा खेळण्याचा प्रस्ताव स्वतःहून मांडला. असोसिएशनने परवानगी दिली, दहा दिवसांनी सामना पुन्हा झाला आणि आर्सेनलने तो पुन्हा २–१ असाच जिंकला. हातात आलेला विजय स्वतः परत करणारा व्यवस्थापक त्या पिढीच्या चाहत्यांनी आधी पाहिला नव्हता.

हाच माणूस मैदानाच्या कडेला मात्र नेहमी एवढा संयमी नव्हता. स्वतःच्या खेळाडूला लाल कार्ड मिळाले की आपण ती घटना पाहिली नाही, असे उत्तर ते इतक्यांदा देत की त्यावर टीकाकारांचा विश्वास उरला नव्हता. २०१४ मध्ये त्यांनी चेल्सीचे व्यवस्थापक जोसे मोरिन्यो यांना सामना चालू असताना ढकलले. जानेवारी २०१७ मध्ये चौथ्या पंचांना ढकलल्याबद्दल त्यांच्यावर चार सामन्यांची बंदी आणि २५ हजार पौंडांचा दंड बसला. त्यांच्यावर विश्वास ठेवणाऱ्या चाहत्यांना हे सारे ठाऊक होते. त्यांनी ते नाकारले नाही. आपल्या संघासाठी संताप अनावर होणे हा त्यांच्या दृष्टीने क्षम्य दोष होता, आणि शेफील्डच्या सामन्याची आठवण त्याच्या शेजारी उभी होती.

समस्या

२००६ मध्ये आर्सेनलने सुमारे ३८ हजार प्रेक्षकांचे हायबरी मैदान सोडले आणि सुमारे ६० हजार क्षमतेच्या एमिरेट्स स्टेडियममध्ये प्रवेश केला. या प्रकल्पाचा खर्च सुमारे ३९ कोटी पौंड होता आणि त्यासाठी मोठे कर्ज घेतले गेले. आपण पाच वर्षांसाठी बांधील राहावे अशी कर्ज देणाऱ्या बँकांची अट होती, असे वेंगर यांनी पुढे सांगितले. एका क्लबच्या कर्जाची हमी एका व्यवस्थापकाच्या उपस्थितीशी जोडली जावी, ही गोष्टच त्या क्लबमधील सत्तेची रचना कशी झाली होती हे दाखवून देते.

त्याच सुमारास स्पर्धेचे अर्थकारण बदलले. चेल्सी २००३ मध्ये रशियन अब्जाधीश रोमन अब्रामोविच यांच्याकडे आणि मँचेस्टर सिटी २००८ मध्ये अबुधाबीच्या मालकीत गेले. आर्सेनलला मात्र हप्ते भरायचे होते. त्यामुळे २००७ मध्ये थिएरी ऑन्री, २०११ मध्ये सेस्क फाब्रेगास व समीर नासरी आणि २०१२ मध्ये रॉबिन व्हॅन पर्सी असे एकेक करून प्रमुख खेळाडू गेले. व्हॅन पर्सी तर थेट मँचेस्टर युनायटेडकडे गेले आणि पहिल्याच हंगामात तिथे लीग विजेते ठरले. ऑगस्ट २०११ मध्ये युनायटेडने आर्सेनलला ८–२ असे हरवले. २००५ च्या एफए चषकानंतर २०१४ पर्यंत एकही चषक आला नाही.

या नऊ वर्षांत विश्वासाने प्रत्यक्ष काम केले. संघ दर वर्षी पहिल्या चारांत राहिला आणि चॅम्पियन्स लीगला, म्हणजे युरोपातील अव्वल क्लबांच्या स्पर्धेला, पात्र ठरत गेला. त्या उत्पन्नातून कर्ज फिटत होते, म्हणून पहिल्या चारांतील स्थान हाही आपल्यासाठी एक चषकच आहे, अशा आशयाचे वेंगर बोलत. काही चाहत्यांना हे प्रामाणिक वाटले, तर काहींना ते महत्त्वाकांक्षा कमी केल्याची कबुली वाटली. फूट प्रथम येथे पडली.

पुढे क्लबची आर्थिक स्थिती सुधारली. २०१३ मध्ये मेसुत ओझिल यांना सुमारे सव्वाचार कोटी पौंडांना घेण्यात आले, त्यानंतरच्या वर्षी अलेक्सिस सांचेझ आले, आणि २०१४ व २०१५ चे एफए चषकही आर्सेनलने जिंकले. धीर धरणाऱ्यांचे म्हणणे खरे ठरले असे वाटत असतानाच २०१५–१६ चा हंगाम आला. चेल्सी, दोन्ही मँचेस्टर आणि लिव्हरपूल असे सगळे श्रीमंत प्रतिस्पर्धी त्या वर्षी घसरले, आणि लीग जिंकली लेस्टर सिटीने. आर्सेनल दहा गुणांनी मागे, दुसऱ्या स्थानावर राहिले. तोवर पराभवाचे कारण पैशात शोधता येत होते. ज्या वर्षी पैशाने काहीच ठरले नाही, त्या वर्षीही विजेतेपद दुसऱ्याच संघाने नेले. ८–२ चा पराभव जास्त अपमानास्पद होता, तरी विश्वासाला खरा तडा गेला तो लेस्टरच्या वर्षात, असे माझे मत आहे.

तरीही विश्वास का टिकला

यशाची जुनी आठवण हे उत्तर सोपे आहे, पण अपुरे आहे. २०१७ मध्ये वेंगर यांच्या बाजूने उभे राहिलेल्यांत २००४ चा संघ न पाहिलेली तरुण मुलेही होती, आणि विरोधात उभे राहिलेल्यांत त्याच संघासाठी घसा बसेपर्यंत गाणारे, पूर्ण हंगामाचे तिकीट घेणारे जुने चाहतेही होते.

शेजारच्या अनुभवाची भीती हे एक मोठे कारण होते. मँचेस्टर युनायटेडचे ॲलेक्स फर्ग्युसन १९८६ मध्ये आले आणि पहिला चषक त्यांना १९९० मध्ये मिळाला. ते २०१३ मध्ये निवृत्त झाले आणि लगेचच्या हंगामात डेव्हिड मोयेस यांच्या हाताखाली गतविजेता संघ सातव्या स्थानावर गेला. धीर धरल्याचे फळ आणि दीर्घकाळच्या माणसाच्या जाण्याने पडणारी पोकळी, या दोन्ही गोष्टी आर्सेनलच्या चाहत्यांनी एकाच क्लबमध्ये पाहिल्या होत्या.

त्याहून खोल कारण क्लबच्या मालकीत होते. वेंगर यांना आणण्यात आणि खेळाडूंच्या खरेदीत महत्त्वाची भूमिका बजावणारे उपाध्यक्ष डेव्हिड डीन २००७ मध्ये क्लबबाहेर गेले. २०११ मध्ये अमेरिकन उद्योजक स्टॅन क्रोन्की यांच्याकडे बहुसंख्य समभाग आले, आणि ते चाहत्यांशी फारसे बोलत नसत. तिकिटांचे दर इंग्लंडमधील सर्वांत महाग दरांमध्ये गणले जात होते. अशा क्लबमध्ये दर आठवड्याला पत्रकारांसमोर बसून प्रश्नांना तोंड देणारा, भागधारकांच्या वार्षिक सभेत उभा राहून बोलणारा माणूस एकच होता. वेंगर गेले तर क्लबमध्ये आपल्याशी बोलणारे कोणीच उरणार नाही, ही भावना त्यांच्या समर्थकांत होती, आणि ती अवाजवी नव्हती.

या नात्यात एक गंभीर अडचण दडलेली होती, आणि दोन्ही गटांनी तिच्याकडे पुरेसे लक्ष दिले नाही. वेंगर संचालक मंडळाला जाहीरपणे कधी दोष देत नसत. खेळाडू विकत घेतला गेला नाही, तर पैसा मिळाला नाही म्हणून की त्यांनी स्वतःच किंमत अवास्तव मानून नकार दिला म्हणून, हे बाहेरून कळण्याचा मार्ग नव्हता. समर्थकांनी गृहीत धरले की मंडळ त्यांचे हात बांधते. विरोधकांनी गृहीत धरले की पैसा आहे आणि हेच हट्टाने खर्च करत नाहीत. त्यांच्या ज्या निष्ठेमुळे लोक त्यांच्यावर विश्वास ठेवत, तीच निष्ठा त्या विश्वासाची परीक्षा अशक्य करत होती. आणि याचा सर्वांत जास्त फायदा झाला तो संचालक मंडळाला, कारण चाहत्यांचा सगळा वाद व्यवस्थापकाभोवती फिरत राहिला.

समोर असलेले पर्याय

वेंगर यांचा करार २०१७ च्या उन्हाळ्यात संपणार होता. मंडळासमोर ढोबळमानाने चार मार्ग होते.

हंगामाच्या मध्यातच सन्मानाने निरोप जाहीर करणे हा पहिला मार्ग. त्यामुळे उत्तराधिकारी शोधायला वेळ मिळाला असता आणि मैदानातले वातावरण निवळले असते. जाणाऱ्या व्यवस्थापकाचे खेळाडू ऐकतील का, ही त्यातील शंका होती. दुसरा मार्ग लवकर नवा करार करण्याचा होता. त्याने अनिश्चितता संपली असती, पण विरोध करणाऱ्यांच्या तोंडावर दार लावल्यासारखे झाले असते. निकाल पाहून मे महिन्यात ठरवावे, हा तिसरा. वेंगर यांना ठेवावे, मात्र खेळाडूंची निवड आणि करार यांसाठी स्वतंत्र क्रीडा संचालक नेमून त्यांचे अधिकार विभागावेत, हा चौथा.

मला चौथा मार्ग सर्वांत विचार करण्याजोगा वाटतो, कारण त्या क्लबचा खरा दोष व्यक्तीपेक्षा रचनेत होता. पण त्याला वेंगर यांची संमती मिळणे अवघड होते. क्रीडा संचालक या पदाविषयीची नापसंती त्यांनी त्याच महिन्यांत जाहीरपणे बोलून दाखवली होती.

प्रत्यक्षात काय घडले

मंडळाने तिसरा मार्ग स्वीकारला, किंवा निर्णय न घेतल्यामुळे तो आपोआप स्वीकारला गेला. फेब्रुवारी आणि मार्चमध्ये चॅम्पियन्स लीगमध्ये बायर्न म्युनिककडून संघ दोन्ही सामन्यांत ५–१ असा, म्हणजे एकूण १०–२ असा हरला. दुसऱ्या सामन्याआधी चाहत्यांनी मैदानाबाहेर निषेधाचा मोर्चा काढला. एप्रिलमध्ये क्रिस्टल पॅलेसने ३–० ने हरवले. त्यानंतर वेंगर यांनी अनेक वर्षांत प्रथमच तीन बचावपटूंची रचना वापरली आणि संघ सावरला. लीगमध्ये ७५ गुण मिळूनही एका गुणाने चौथे स्थान हुकले. वेंगर यांच्या काळात असे प्रथमच घडले. २७ मे रोजी मात्र लंडनच्या वेम्बली मैदानावर लीग विजेत्या चेल्सीला २–१ ने नमवून आर्सेनलने एफए चषक जिंकला. वेंगर यांचा तो सातवा एफए चषक होता. चार दिवसांनी करार जाहीर झाला.

निर्णयाचा हा क्षण बारकाईने पाहण्यासारखा आहे. मुख्य कार्यकारी अधिकारी इव्हान गाझिडिस यांनी वसंत ऋतूत चाहत्यांच्या प्रतिनिधींसमोर बदलाची भाषा केली होती. प्रत्यक्षात ‘या क्लबला पुढची दोन वर्षे कशाची गरज आहे’ या प्रश्नाची जागा ‘शेवटचा सामना जिंकला का’ या प्रश्नाने घेतली. अंतिम सामन्यातील कामगिरी खरोखर उत्कृष्ट होती. पण एका दुपारच्या खेळावरून दोन वर्षांचे धोरण ठरत नाही. शिवाय करार अनिर्णित राहिल्याचा परिणाम संघावर झाला, हे वेंगर यांनीही मान्य केले होते.

परिणाम

२०१७–१८ मध्ये ओझिल आणि सांचेझ या दोघांच्याही कराराचे शेवटचे वर्ष चालू होते. जानेवारीत सांचेझ मँचेस्टर युनायटेडकडे गेले. वेंगर यांच्या भोवती नवी रचनाही याच काळात उभी राहू लागली: खेळाडू शोधण्याच्या कामासाठी डॉर्टमुंडहून स्वेन मिसलिनटाट आणि व्यवहारांसाठी बार्सिलोनाहून राऊल सानलेही आले. म्हणजे चौथा पर्याय अखेर अमलात आला, पण व्यवस्थापकाशी मोकळी बोलणी होऊन नव्हे, तर त्याच्या कारकिर्दीच्या उत्तरार्धात आणि त्याच्याभोवती.

२५ फेब्रुवारी २०१८ रोजी लीग चषकाच्या (लीगहून वेगळ्या बाद स्पर्धेच्या) अंतिम सामन्यात मँचेस्टर सिटीने आर्सेनलला ३–० ने हरवले. चारच दिवसांनी, १ मार्च रोजी, त्याच संघाकडून तसाच पराभव स्वतःच्या मैदानावर झाला. बर्फाळ संध्याकाळ होती हे खरे, पण हजारो जागा रिकाम्या होत्या. त्या हंगामात वेंगर यांच्याविरुद्धच्या घोषणा आधीच्यापेक्षा कमी ऐकू आल्या, आणि मंडळासाठी तेच अधिक गंभीर होते. तिकिटाचे पैसे भरूनही घरी थांबणारा चाहता विमानामागे फलक लावणाऱ्यापेक्षा क्लबपासून जास्त दूर गेलेला असतो.

२० एप्रिल रोजी, कराराचे एक वर्ष शिल्लक असताना, वेंगर हंगामाअखेर पद सोडतील असे जाहीर झाले. ६ मे रोजी बर्नलीविरुद्धचा घरच्या मैदानावरील शेवटचा सामना संघाने ५–० ने जिंकला. ‘मेर्सी आर्सेन’ (फ्रेंचमध्ये ‘धन्यवाद आर्सेन’) लिहिलेले लाल शर्ट प्रेक्षकांसाठी ठेवले होते, मैदान भरलेले होते, आणि २००४ च्या अपराजित हंगामाचा सोनेरी चषक त्यांना भेट देण्यात आला. दोन महिन्यांपूर्वी रिकाम्या राहिलेल्या जागांवर लोक परत आले होते. त्यांच्या रागाचे लक्ष्य तो माणूस कधीच पूर्णपणे नव्हता, हे त्या दिवशी स्पष्ट झाले. आर्सेनलचे एकूण १,२३५ सामने त्यांच्या कारकिर्दीत झाले. संघ त्या वर्षी लीगमध्ये सहावा आला, आणि चॅम्पियन्स लीगमध्ये परतायला क्लबला २०२३–२४ चा हंगाम उजाडावा लागला. त्याच २०२३ मध्ये वेंगर यांचा पुतळा एमिरेट्सबाहेर उभारला गेला.

काय वेगळे करता आले असते

सर्वांत महत्त्वाची संधी २०१७ मध्ये नव्हे, तर २००७ मध्ये होती, असे मला वाटते. डेव्हिड डीन गेल्यावर त्यांचे काम करणारा, फुटबॉल जाणणारा आणि वेंगर यांना समोरासमोर नाही म्हणू शकणारा माणूस नेमला गेला असता, तर अधिकारांची विभागणी शिक्षा न वाटता नेहमीची व्यवस्था ठरली असती. तसे न झाल्यामुळे दहा वर्षांत इतके अधिकार एका व्यक्तीत एकवटले की त्यांतला कोणताही भाग काढून घेणे हा त्यांचा अपमान वाटू लागला.

२०१७ मध्ये निर्णयाची तारीख निकालांपासून वेगळी करणे शक्य होते. जानेवारीच्या अखेरपर्यंत काय ते ठरवू आणि सांगू, एवढे जरी मंडळाने जाहीर केले असते आणि पाळले असते, तरी त्या दोन विमानांचे निमित्त उरले नसते. निरोपाचा निर्णय झाला असता, तर वेंगर वेम्बलीवरील विजयानंतर, सातवा एफए चषक हाती घेऊन गेले असते. विश्वास ठेवणाऱ्यांना आणि विरोध करणाऱ्यांना, दोघांनाही तो शेवट मान्य झाला असता.

चाहत्यांच्या बाजूने पाहता, समर्थक आणि विरोधक या दोन्ही गटांना एक मागणी एकत्रितपणे करता आली असती: खेळाडूंसाठी किती पैसा उपलब्ध होता आणि तो न वापरण्याचा निर्णय कोणाचा होता, हे मंडळाने भागधारकांच्या सभेत सांगावे. त्या उत्तराशिवाय व्यवस्थापकावरचा विश्वास आणि अविश्वास दोन्ही अंदाजावर उभे होते.

वेंगर यांच्यानंतर २०१८ मध्ये उनाय एमरी आले, तेव्हा क्लबने त्यांना व्यवस्थापक न म्हणता मुख्य प्रशिक्षक हे पद दिले. एवढे अधिकार पुन्हा एका माणसाकडे द्यायचे नाहीत, हे त्यातून सुचवायचे होते. डिसेंबर २०१९ मध्ये आलेले मिकेल आर्तेता, जे स्वतः वेंगर यांच्या संघाचे कर्णधार होते, तेही मुख्य प्रशिक्षक म्हणूनच आले. ऑगस्ट २०२० मध्ये त्यांनी एफए चषक जिंकला आणि सप्टेंबरमध्ये क्लबने त्यांचे पद बदलून पुन्हा व्यवस्थापक असे केले.